रोज रात्री साडेनऊलाच गेममधून बाहेर फेकले जाताय? आधी वेळ लिहून ठेवा

बॉसचं, म्हणजे मोठ्या राक्षसाचं, रक्त अकरा टक्क्यांवर आलं होतं. टँकला, म्हणजे पुढे उभं राहून मार झेलणाऱ्या गड्याला, हील टाकायला (त्याचं रक्त भरायला) मी बटण दाबलं आणि स्क्रीनवरचे सगळे जण जागच्या जागी पळायला लागले, भिंतीला तोंड लावून, न थांबता. ज्यांनी ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळलेत त्यांना हे दृश्य पाठ असेल. पाय हलतात, पण सर्व्हरकडून काहीच येत नाही. वीस-पंचवीस सेकंदांनी संपर्क तुटल्याची पाटी आली. परत आत शिरेपर्यंत चार मिनिटं गेली. तोवर टँक मेला होता, त्याच्यामागे सगळा ग्रुप मेला होता, आणि चॅटमध्ये एकाने लिहून ठेवलं होतं, 'पुन्हा तोच हीलर.'

घड्याळात नऊ वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

असं पाच आठवडे चाललं. मी नाशिकला सिडकोत राहतो, अंबडच्या एमआयडीसीत कामाला आहे, आणि रात्री नऊ ते अकरा हा माझा खेळायचा वेळ. आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्या गटात, निम्मे भारतातले, बाकी मलेशिया आणि फिलिपिन्सचे. आपल्याकडे नऊ वाजतात तेव्हा मनिलात साडेअकरा वाजलेले असतात. आमचा टँक तिथला, सकाळी लवकर कामावर जाणारा. तो झोप बाजूला ठेवून येतो आणि माझ्या एका डिसकनेक्टमुळे सगळ्यांचा तास वाया जातो, हे माझ्या मनाला फार लागायचं. ज्यांचं असंच होतंय त्यांनी माझ्यासारखे पाच आठवडे घालवू नयेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सल्ले भरपूर मिळतात. गेम काढून परत टाक. डीएनएस बदल. व्हीपीएन घे. नवा राउटर घे. मी पहिले तिन्ही करून बसलो होतो आणि चौथ्यासाठी पैसे बाजूला काढले होते. फरक काडीचा पडला नाही, कारण दुखतंय कुठे हे न बघता मी औषधं घेत होतो.

गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर काय विचारतो? नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी लागलंय. गुडघ्याला, कमरेला का गळ्याला. क्युसेकचे आकडे ऐकून जे डोळ्यांपुढे येत नाही ते या एका खुणेने येतं, कारण मारुती जागचा हलत नाही आणि कोरड्या दिवशी तो कसा दिसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. लॅगलाही, म्हणजे खेळ अडखळण्यालाही, अशी खूण लागते. सगळं नीट चालू असतानाचं तुमचं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, किती, हे आज कोरड्या दिवशीच मोजून ठेवा. ते माहीत नसेल तर रात्री दिसणारा १४० चा आकडा चांगला का वाईट, हे कशावरून ठरवणार?

पिंग किती असायला हवं

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. पिंग जाऊन-येऊनचं असतं, म्हणून प्रत्येक १०० किलोमीटर अंतराला एक मिलिसेकंद धरा. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे ३९ मिलिसेकंदांच्या खाली कुठलीही कंपनी, कुठलाही राउटर जाऊ शकत नाही. समुद्रातल्या केबली सरळ रेषेत टाकलेल्या नसतात आणि वाटेत यंत्रंही लागतात, म्हणून प्रत्यक्षात ६० ते ९० मिळालं तर ते उत्तम समजा. फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटरच्या पुढे, तिथला खालचा आकडा ६६ आणि प्रत्यक्षातला १२० च्या पुढचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला दोनशेच्या वरच.

नाशिकमधून बाहेर जाणारा बहुतेक डेटा आधी घाट उतरून मुंबईला जातो, कारण पश्चिम किनाऱ्यावरच्या बहुतेक समुद्री केबली तिथेच वर येतात. हा टप्पा पावणेदोनशे किलोमीटरचा, त्याचे चार ते आठ मिलिसेकंद. 'मुंबईच्या पोरांचं पिंग कमी, आपलं नाशिक मागे' अशी तक्रार कानावर येते, पण फरक इतकाच आहे. तुम्हाला मुंबईकरापेक्षा पन्नास जास्त दिसत असतील तर त्यात नाशिकचा दोष नाही, तुमच्या लाइनवर काहीतरी बिघडलंय.

गेम निवडतानाच सर्व्हर कुठे आहे ते बघा. 'अल्बियन ऑनलाइन'ने २०२३ मध्ये आशियासाठी वेगळा सर्व्हर सुरू केला, तोवर आपल्या लोकांना अमेरिकेतच खेळावं लागे. 'गिल्ड वॉर्स २' मध्ये चॅटच्या जागी तिरकी रेघ देऊन 'आयपी' लिहिलं की सर्व्हरचा पत्ता समोर येतो. बाकी बऱ्याच गेमसाठी विंडोजमधला रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्कच्या टॅबमध्ये टीसीपी कनेक्शन्सच्या यादीत गेमचं नाव शोधा. शेजारीच सर्व्हरचा आयपी, हरवलेली पॅकेट (डेटाचे तुकडे) आणि लेटन्सी (म्हणजे पिंगच) असे तिन्ही आकडे असतात. फुकटची सोय आहे, पण फार कमी जणांना ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट. पिंग जास्त असूनही खेळ नीट चालतो, जर ते एका जागी ठरलेलं असेल. 'ओल्ड स्कूल रुनस्केप'चा सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एकदाच सगळ्यांच्या हालचाली बघतो, तिथे ७० आणि १२० मधला फरक सहसा जाणवतही नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये पुढचा मंत्र ४०० मिलिसेकंद आधी दाबला तरी तो रांगेत घेतला जातो, ही तिथली मूळ सेटिंग आहे. त्रास होतो तो ७० चे ४००, परत ७० असं वरखाली व्हायला लागलं की, किंवा पॅकेट वाटेत हरवायला लागले की. अनेक जुने एमएमओ, म्हणजे हजारोंनी एकत्र खेळायचे ऑनलाइन गेम, टीसीपी या डेटा क्रमानेच पोचवणाऱ्या पद्धतीवर चालतात. त्यात एक पॅकेट हरवलं की मागून आलेली सगळी त्याच्यासाठी थांबून राहतात. म्हणूनच राक्षस आधी पुतळ्यासारखे उभे राहतात आणि मग दोन सेकंदांचं भांडण एका झटक्यात उरकतात.

तीन खिडक्या उघड्या ठेवा

खेळायला बसण्याआधी कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा आणि तिन्हीत पिंग चालू करून द्या. कमांडच्या शेवटी स्पेस, आडवी रेघ आणि 'टी' लावलं की ते आपण थांबवेपर्यंत चालू राहतं. पहिल्या खिडकीत घरच्या राउटरचा पत्ता, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ असतो. दुसऱ्यात इंटरनेट कंपनीचं पहिलं यंत्र. त्याचा पत्ता ट्रेसरूट, म्हणजे वाटेतली यंत्रं ओळीने दाखवणारी कमांड, चालवल्यावर दुसऱ्या ओळीत मिळतो. तिसऱ्यात गेमचा सर्व्हर. काही गेम पिंगला उत्तरच देत नाहीत, तेव्हा ट्रेसरूटमध्ये उत्तर देणारी शेवटची ओळ घ्या.

अडलं की ताबडतोब तिन्हीकडे बघा. तिन्ही एकदम उसळले तर गडबड घरात आहे, वायफायमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये. पहिली खिडकी शांत आणि बाकीच्या दोन गेल्या तर फायबर किंवा कंपनी. पहिल्या दोन शांत आणि तिसरीच बिघडली तर अडचण समुद्रापलीकडे, त्यावर घरबसल्या फारसं काही होत नाही.

एका ठिकाणी फसू नका. ट्रेसरूटमध्ये मधल्याच एखाद्या ओळीवर उत्तर येत नाही आणि पुढच्या ओळी मात्र व्यवस्थित असतात, तेव्हा 'सापडला बिघाड' म्हणून उड्या मारण्यात अर्थ नाही. मधली यंत्रं पिंगला उत्तर देणं हे शेवटचं काम समजतात, तुमचा डेटा मात्र पुढे सोडत असतात. नुकसान एखाद्या ओळीपासून सुरू होऊन थेट शेवटपर्यंत दिसत राहिलं तरच ते खरं.

माझ्या बाबतीत राउटरची खिडकी एक मिलिसेकंदावर ठाम असायची आणि दुसरी-तिसरी तीन-चार मिनिटं मेलेली. मी कंपनीवर खापर फोडून मोकळा झालो. तक्रार केली. लाइनमन दादा दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आले, मीटर लावला, म्हणाले, "भाऊ, लाइट एकदम ओके आहे." पुढच्या आठवड्यात परत आले, परत ओके. त्यांची काहीच चूक नव्हती. सकाळी अकराला खरंच सगळं ओके असायचं.

वहीने सांगितलं

तिसऱ्या आठवड्यापासून मी एका जुन्या वहीत वेळा टिपायला लागलो. नुसती वेळ, वार, आणि तिन्हीपैकी कुठली खिडकी गेली. सोमवार ९:२८. मंगळवार ९:३४. बुधवार ९:३१. रविवारी मात्र १०:१०. आणि मग एक आख्खा आठवडा पान कोरं. एकही डिसकनेक्ट नाही. मला वाटलं, कंपनीने काहीतरी दुरुस्त केलं. पुढच्या सोमवारी पुन्हा ९:२९.

त्या कोऱ्या आठवड्याकडे मी बराच वेळ बघत बसलो. त्या दिवसांत वेगळं काय होतं? आई निफाडला मामाकडे गेली होती, द्राक्षाची छाटणी होती म्हणून. आणि रविवारी आमच्याकडे जेवणं उशिरा होतात.

सिडकोतलं घर दोन खोल्यांचं. फायबरचा डबा बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर. त्याची पिवळी पॅचकॉर्ड भिंतीवरून खाली उतरते आणि दिवाणाच्या मागून कोपऱ्यातल्या भोकातून बाहेर जाते. दिवाणाच्या पोटात गाद्या-पांघरुणं. जेवणं आटोपली, भांडी झाली की आई दिवाणाची फळी उचलून मागे भिंतीला टेकवते, गाद्या काढते, अंथरुणं घालते आणि फळी बंद करते.

दुसऱ्या रात्री मी रेडला, म्हणजे गिल्डने मिळून करायच्या मोठ्या लढाईला, सुट्टी सांगितली आणि फोनवर डब्याचं सेटिंगचं पान उघडून दिवाणाशेजारी बसलो. त्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते, डीबीएम या मापात, उणे आकड्यात. उणे २१.४ होती, अगदी चांगली. आईने फळी उचलून भिंतीला टेकवली. मी पान ताजं केलं. उणे २९. डब्यावरचा हिरवा लाइट गेला आणि लाल लुकलुकायला लागला.

"आई, एक मिनिट, फळी तशीच धर."

"अरे, गाद्या काढू का नको?"

फळीच्या कडेने पॅचकॉर्ड भिंतीशी इतकी दाबली जात होती की तिथे तिचा काटकोन झाला होता. काचेच्या तारेला तीव्र वळण दिलं की प्रकाश त्या वळणावर बाहेर गळतो. घरोघरी जे फायबर येतं त्याचा डबा साधारण उणे २७-२८ पर्यंत तग धरतो, त्याखाली त्याला काही वाचता येत नाही. फळी दोन मिनिटं उघडी, मग डबा परत कंपनीच्या यंत्राशी जोडला जाईपर्यंत आणखी एखाद-दोन मिनिटं. सकाळी साडेसहाला गाद्या आत ठेवतानाही हेच होत असणार, पण तेव्हा घरात कोण ऑनलाइन असतं!

आईला काय झालं ते सांगितलं तर तिचाच चेहरा उतरला. "इतके दिवस माझ्यामुळे तुझा खेळ मोडत होता?" तिचा यात काय दोष? तार तिथून कुणी नेली, त्याने हा विचार करायला हवा होता, आणि नेली तेव्हा मी घरातच होतो.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. लाइनमन दादांना या वेळी नेमकं काय झालंय ते सांगितलं. त्यांनी दुमडलेली कॉर्ड बदलली, दिवाणापासून हातभर वरून प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीतून नेली आणि उरलेल्या तारेचं बांगडीएवढं वेटोळं करून भिंतीला लावलं. तुमच्या घरी तार कपाटामागून, दाराच्या फटीतून, खिडकीच्या सरकत्या काचेखालून गेली असेल तर आज उठून बघा. खिळा ठोकून घट्ट बसवलेली क्लिपही हेच करते.

वेळ बघून काय ओळखायचं

रोज ठरलेल्या मिनिटाच्या आगेमागे तुटतंय आणि सुट्टीच्या दिवशी ती वेळ सरकते, तर घरातल्या माणसांचा दिनक्रम तपासा. पाण्याची मोटर, मायक्रोवेव्ह, मिक्सर, कुणाचा तरी व्हिडिओ कॉल. मायक्रोवेव्ह आणि जुनं वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, दूध गरम होईतो पिंग उसळणं यात नवल नाही. त्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सिडकोत भिंतीला भिंत लागून घरं, माझ्या खोलीत बसून शेजारच्यांची एकोणीस वायफाय दिसतात. सिग्नलच्या कांड्या पूर्ण दिसूनही खेळ अडतो तो या गर्दीमुळे. ५ गिगाहर्ट्झवर जा. जमत असेल तर राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत केबल ओढा. माझं स्पष्ट मत आहे, रेड खेळणाऱ्याने वायफायवर खेळूच नये. पंधरा मीटर कॅट-६ केबल ही नव्या गेमिंग राउटरपेक्षा मोठी सुधारणा आहे आणि कितीतरी स्वस्त.

डिसकनेक्ट होत नाही, पण रात्री अकराच्या पुढे पिंग ७० चं ५०० होतं, असं असेल तर अपलोड बघा. दिवाणाचा प्रश्न सुटल्यावर मला हा दुसरा सापडला. बहिणीचा फोन चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागायचा. अपलोडची नळी भरली की राउटर पॅकेट टाकून न देता रांगेत उभी करतो आणि तुमचा बिचारा हील त्या फोटोंच्या मागे उभा राहतो. तपासणं सोपं आहे: एखादी मोठी फाइल अपलोडला लावा आणि दुसरी खिडकी बघा. बॅकअप मध्यरात्रीनंतरवर ढकला, किंवा राउटरमध्ये सोय असेल तर अपलोडला मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर मर्यादा घाला. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणारा राउटर असेल तर त्यातलं एसक्यूएम हे काम फार सुंदर करतं. डाउनलोडचा प्लॅन १०० वरून ३०० केल्याने यात फरक पडेलच असं नाही. गेमला लागणारा डेटा अगदी थोडा असतो, त्याला वेळेवर पोचणं महत्त्वाचं.

लढाईत कधीच तुटत नाही, बाजारात उभं राहून कुणाशी बोलत असताना किंवा चहा करायला उठल्यावरच तुटतं? मग राउटर किंवा कंपनीचं यंत्र शांत पडलेली जोडणी विसरून जातंय. बऱ्याच कंपन्या एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटतात, त्यासाठी प्रत्येक जोडणीची नोंद एका तक्त्यात ठेवतात आणि हालचाल नसली की ती पुसतात. गेममध्ये आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालत असेल तर ते सुरू करा, या वाटपातून सुटका होते. बरोबर २४ तासांनी तुटत असेल तर सेशनची मुदत संपतेय. राउटर दुपारी एकदा स्वतः बंद-चालू करा, म्हणजे ती वेळ दुपारवर जाते.

फक्त गर्दीच्या शहरात शिरल्यावर अडखळतंय, आणि कॅमेरा फिरवतानाही झटके बसतायत, तर नेटचा संबंधच नाही, कॉम्प्युटर दमतोय. दिसणाऱ्या पात्रांची संख्या आणि सावल्या कमी करा. एप्रिल-मेमध्ये वीस मिनिटं खेळल्यावरच हे सुरू होत असेल तर लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतोय. पंख्यातली धूळ साफ करून घ्या.

नव्या पॅचनंतरच्या दिवशी गेम उघडताच बंद पडतो तेव्हा ॲडऑन, म्हणजे गेमला बाहेरून जोडलेल्या सोयी, सगळे काढून बघा. दहातले आठ वेळा तेच असतं.

काही वेळा सर्व्हरच ठरवून बंद होतो. 'ईव्ह ऑनलाइन' रोज ११:०० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) खाली जातो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या अमेरिकी सर्व्हरांची देखभाल मंगळवारी त्यांच्या सकाळी, म्हणजे आपल्या मंगळवारच्या संध्याकाळी असते. इथे एक मेख आहे ज्यात भारतातले खेळाडू दरवर्षी अडकतात. आपण घड्याळ पुढे-मागे करत नाही, ते करतात. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला, युरोपात मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा. त्या रविवारनंतर आपल्यासाठी देखभालीची आणि तिकडच्या गिल्डच्या रेडची वेळ तासाने सरकते, आणि मधल्या काही आठवड्यांत अमेरिका-युरोपची वेळही आपसात जुळत नाही. गिल्डच्या कॅलेंडरमध्ये वेळा यूटीसीत लिहायचा आग्रह धरा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मोठ्या गर्दीत सर्व्हरही हात टेकतो. 'ईव्ह'मध्ये हजारो जहाजं एका ठिकाणी जमली की ते मुद्दाम खेळातला काळच सावकाश करतात, नेहमीच्या दहा टक्क्यांपर्यंत. जानेवारी २०१४ मधली बी-आर५आरबीची लढाई अशीच सावकाश चालत एकवीस तास रेंगाळली. डिसेंबर २०२१ मध्ये 'फायनल फँटसी १४'चा नवा भाग आला तेव्हा लॉगिनच्या रांगा इतक्या वाढल्या की कंपनीने विक्रीच काही काळ थांबवली आणि लोकांना खेळायचे दिवस फुकट दिले. अशा वेळी राउटर उलटापालटा करून काही हाती लागत नाही.

समुद्रात तुटलं तर

फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात केबली तुटल्या. भारतातून युरोपला जाणारा डेटा दुसऱ्या लांबच्या वाटांनी वळला, आणि युरोपातल्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांचं पिंग वाढलं. समुद्रातली केबल जोडायला जहाज लागतं, परवानग्या लागतात, आठवडे जातात. असं काही घडलेलं असेल तेव्हा पैसे खर्च करू नका, तेवढे दिवस डीपीएस (मारा करणाऱ्याची भूमिका) सोडून दुसरी भूमिका घ्या किंवा मासेमारी-सुतारकामाच्या लेव्हल वाढवा.

पण बातमी काही नाही आणि तरीही सिंगापूर अचानक २४० वर गेलंय, असं असेल तर कंपनीने डेटा भलत्या वाटेने पाठवायला सुरुवात केली असणार. खात्री करायची एक पक्की पद्धत आहे: दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून हॉटस्पॉट घ्या आणि त्याच मिनिटाला तोच पत्ता पिंग करा. मोबाइलवर ८० आणि घरच्या फायबरवर २४० आलं तर वाट चुकलीय हे नक्की. व्हीपीएन किंवा गेमिंग रूट विकणाऱ्या सेवा फक्त याच एका दुखण्यावर चालतात, आणि तिथेही आधी फुकटच्या चाचणी दिवसांत आकडे बघूनच पैसे द्या. घेण्याआधी गेमच्या नियमांत व्हीपीएनला परवानगी आहे का तेही वाचा.

तक्रार करताना

'नेट स्लो आहे' म्हणू नका. समोरचा स्पीड टेस्ट करायला लावतो, तो शंभर दाखवतो, विषय संपतो. असं सांगा: 'केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून राउटरपर्यंत एक मिलिसेकंद, तुमच्या पहिल्या यंत्रापर्यंत रात्री आठ ते अकरा शंभरातली सहा पॅकेट हरवतायत, प्रकाशाची ताकद अमुक, हे पाच दिवसांचे स्क्रीनशॉट.' तक्रार क्रमांक लिहून घ्या. तो मागितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मुदतीत काम झालं नाही तर त्या क्रमांकावर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांत ही दोन पायऱ्यांची सोय आहे. आणि लाइनमनला त्रास होतो त्या वेळी बोलवा. रात्री येणं त्यांनाही जड आहे, पण आकडे दाखवून नीट विनंती केली तर माणसं येतात.

२०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत शहरात रस्ते खोदले जातायत, फायबर तुटणं चालूच राहणार. तुटलेली तार जोडून दिल्यावर तुमच्या डब्यातला प्रकाशाचा आकडा त्याच दिवशी बघा. आधी उणे २१ होता आणि आता उणे २६ असेल तर जोड कच्चा झालाय, पुढे पावसाळ्यात तो दगा देईल. लगेच सांगितलं तर तेच लोक परत जोडून देतात.

वीज जाण्यावर डबा आणि राउटरला छोटा डीसी यूपीएस लावलाय, इन्व्हर्टर चालू होतानाच्या झटक्यात राउटर बंद पडायचा तो थांबला. घेताना ॲडॉप्टरवरचा व्होल्टेज आणि पिनची बाजू जुळवून घ्या.

एवढं करूनही कधी बाहेर फेकले गेलात तर लगेच दहा वेळा लॉगिन करत बसू नका. बऱ्याच गेममध्ये तुमचं पात्र सर्व्हरवर थोडा वेळ उभंच असतं आणि 'आधीच लॉगिन आहे' असं उत्तर येतं. मिनिटभर थांबून एकदाच जा. तेवढ्यात फोनवरून गिल्डला एक ओळ टाका, म्हणजे ते बॉसला हात लावत नाहीत. मी आता रेडच्या आधीच सांगून ठेवतो की मी पडलो तर कोणी हील सांभाळायचं.

दिवाणाची तार हलवून सात आठवडे झाले. वहीत साडेनऊच्या वेळेला एकही नोंद नाही. मात्र शनिवार-रविवारी रात्री नऊ ते अकरा दुसऱ्या खिडकीत अजूनही तीस-चाळीस मिलिसेकंद वाढतात आणि सोमवारी उतरतात. ही कंपनीकडची गर्दी दिसतेय, आमच्या गल्लीत याच उन्हाळ्यात बरेच नवे कनेक्शन जोडले गेले. चार आठवड्यांचे आकडे दिलेत, तक्रार क्रमांक घेतलाय, लाइनमन दादा येत्या शनिवारी रात्री साडेनऊला येतो म्हणालेत. आई म्हणाली, त्यांना जेवूनच जायला सांग.